जुन्या व्हॅनची चाके बदलताना घ्यावयाची दक्षता

भाजीपाला, फळे व दूध बाजारात पोहोचविण्यासाठी अनेक शेतकरी जुनी व्हॅन बाळगतात. मूळ चाके गंजली वा वाकली म्हणजे भंगारातून दुसऱ्या गाडीची चाके आणून बसविण्याचा मोह होतो. भोके जुळली म्हणजे चाक जुळले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा असून प्रसंगी घातक ठरतो.

ऑफसेट म्हणजे काय?— चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग यांमधील अंतरास ऑफसेट म्हणतात. हा पृष्ठभाग मध्यापासून बाहेरच्या बाजूस असल्यास ऑफसेट धन, आतल्या बाजूस असल्यास ऋण होय.

मोजण्याची रीत— टायर काढलेले चाक आतली बाजू वर करून ठेवावे. रिमच्या काठांवर सरळ पट्टी आडवी ठेवून टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजावी. तीतून रिमच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा करावा. उदाहरणार्थ, रुंदी १५२ व खोली १२१ मि.मी. असल्यास ऑफसेट १२१ − ७६ = ४५ मि.मी. येतो.

परिणाम— समजा, तितक्याच रुंदीच्या दुसऱ्या चाकाचा ऑफसेट २० मि.मी. आहे. ते चाक २५ मि.मी. बाहेर सरकेल व डाव्या-उजव्या चाकांतील अंतर ५० मि.मी. वाढेल. चाकावर ५०० किलोग्रॅम भार असल्यास हबला वाकविणाऱ्या जोरात १२.५ किलोग्रॅम-मीटरचा फरक पडतो. बैलगाडीचे चाक आखाच्या टोकाकडे सरकले म्हणजे आखावर ताण येतो, तद्वतच हे होय. त्यामुळे बेअरिंग लवकर झिजू शकते, खड्ड्यात स्टेअरिंगला हिसका बसतो आणि माल भरल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. याउलट, ऑफसेट फार वाढल्यास टायर आतील स्प्रिंगला वा ब्रेकच्या नळीला घासण्याचा संभव असतो. नळी फाटल्यास ब्रेक निकामी होतो.

इतर तपासणी— भोकांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, नटाच्या बैठकीचा आकार आणि चाकाची भारक्षमता ही सर्व मूळ चाकाशी ताडून पाहावीत. चाक बसविल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. नंतर गाडीत नेहमीइतका माल भरून स्टेअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवावे व चाक कोठेही घासत नाही याची खात्री करावी. सुमारे ५० ते १०० कि.मी. प्रवासानंतर नट पुन्हा तपासावेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करण्यास मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे. सबब, मूळ मापाचे व मूळ ऑफसेटचे चाक शोधून बसविणे हाच श्रेयस्कर मार्ग होय. चाकावर वाचविलेले पैसे बेअरिंगच्या दुरुस्तीत गेले, तर ती काटकसर नव्हे. आणि ब्रेकच निकामी झाला, तर होणारी हानी पैशांत मोजता येणार नाही.