छत्री एक, खोल्या तीन

बाळ, आरव्ही म्हणजे फिरतं घर असलेली गाडी घेतलीस, छान झालं. मागे बेडरूम, मधे मुलांचे बंक, पुढे बसायची जागा आणि तिन्हीकडे भिंतीत टीव्ही. छपरावर एक पांढरा डोम बसवला की तिन्ही टीव्ही लागतील, असं विकणाऱ्याने तुला सांगितलं असेल. तसं होत नाही. तुझे सासू-सासरे पुण्याहून यायच्या आत हे मार्गी लागावं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एकच ठरव: एका वेळी किती जण वेगवेगळं बघणार? टीव्ही किती आहेत, हा प्रश्न नंतरचा. सगळे मिळून एकच कार्यक्रम बघणार असाल तर एक रिसिव्हर पुरतो. त्याचं एचडीएमआय स्प्लिटरमधून तिन्ही टीव्हींना दे. डिश कंपनीच्या वॉली रिसिव्हरचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो, त्यामुळे मागच्या खोलीत पडल्यापडल्या चॅनल बदलता येतं. खर्च कमी, कटकट कमी. पण आजोबांना बातम्या, मुलांना कार्टून आणि जावईबापूंना फुटबॉल, तेही एकाच संध्याकाळी, हवं असेल तर प्रश्न रिसिव्हरचा राहत नाही, छत्रीचा होतो.

गाडं अडतं ते इथेच. डिशची चॅनलं एकाच उपग्रहावर नसतात. वेस्टर्न आर्क म्हणतात ते उपग्रह ११० आणि ११९ अंश पश्चिम अशा जागांवर आहेत, ईस्टर्न आर्कचे ६१.५ आणि ७२.७ अंशांवर. डोमच्या आतली छोटी छत्री एका वेळी एकाच उपग्रहाकडे बघते आणि मोटरवर फिरून दुसरा शोधते. डोमला दोन केबली लावायची सोय असते, पण मालकी फक्त ‘मेन’ लिहिलेल्या जोडणीची. त्या रिसिव्हरने दुसऱ्या उपग्रहावरचं चॅनल मागितलं की छत्री फिरते आणि दुसऱ्या खोलीतलं चित्र जातं. शिवाय डोमला वीजही त्याच केबलीतून मिळते, तेव्हा मेनचा रिसिव्हर बंद असेल तर दुसरा काही दाखवणार नाही. मुलं सतत चॅनल बदलतात, त्यांच्याकडे मेन मुळीच देऊ नकोस. एकच चॅनल लावून बसणाऱ्याच्या खोलीत तो ठेव. तुझ्या घरात ते आजोबा.

डिशऐवजी डायरेक्टीव्ही कंपनीचा विचार करत असशील तर एक लक्षात ठेव. त्यांची एचडी चॅनलं ९९ आणि १०३ अंशांवरून के-ए बँडमध्ये येतात आणि आरव्हीवरचे छोटे डोम ती पकडत नाहीत. तिथे मोठी उघडी छत्रीच लागते.

खरंच तीन खोल्यांत तीन कार्यक्रम हवेत, तर माझं मत स्पष्ट आहे: उघडी छत्री घे. एकाच वेळी सगळ्या उपग्रहांकडे बघणारी. छपरावर हवी तर विनगार्डची ट्रॅव्हलर आहे, बटण दाबलं की उभी राहते. महाग आहे, आणि वारा फार सुटला की खाली घ्यावी लागते. हात आखडता घ्यायचा असेल तर तिवईवर लावायची डिशची साधी छत्री घे, तिच्यावर १०००.२ नावाचा एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर बसणारा सिग्नल पकडणारा डबा. त्याला रिसिव्हरसाठी थेट तीन जोडण्या असतात: तीन केबली, तीन रिसिव्हर, कुणी कुणाच्या अध्यात नाही. लावायला हात बसावा लागतो, तो बसतो. आणखी एक मोठा फायदा असा की गाडी पाइनच्या सावलीत उभी करता येते आणि छत्री लांब उन्हात. तिवईच्या मधल्या दांड्याला पाण्याचा भरलेला कॅन टांग, नाहीतर वाऱ्याने ती सूतभर जरी हलली तरी चित्र जातं.

आता आकाश. हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत, म्हणून इथून, अमेरिकेतून, ते कायम दक्षिणेकडे दिसणार. तुझ्या सासऱ्यांना पुण्याच्या गच्चीवरची टाटा प्लेची छत्री माहीत आहे. ती जवळजवळ ६६ अंश वर बघते, शेजारचं झाड तिच्या आड येत नाही. इथे तसं नाही. तुम्ही आधी मेन राज्यातल्या अकेडियाला जाणार, मग पश्चिमेला यलोस्टोनला. ११९ अंशांचा उपग्रह यलोस्टोनमध्ये क्षितिजापासून सुमारे ३८ अंश वर असतो, अकेडियाला जेमतेम १९ अंश, तोही नैऋत्येकडे झुकलेला. पन्नास फुटी झाड ३८ अंशांना अडवू नये म्हणून छत्रीपासून साधारण ६५ फूट लांब हवं. १९ अंशांना तेच अंतर दीडशे फुटांच्या घरात जातं. मेनच्या जंगलात एवढी मोकळी जागा कोण देणार? म्हणून तिकडे ईस्टर्न आर्क वापर. ६१.५ अंशांचा उपग्रह अकेडियाहून पुन्हा ३८ अंशांवर आणि जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. डोम असेल तर मेनूमध्ये आर्क बदलता येतो. तिवईच्या छत्रीला पूर्वेकडचा एलएनबी वेगळा लागतो, तो गाडीच्या कप्प्यात टाकून ठेव.

साइटवर पोचलीस की गाडी लावण्याआधी खाली उतर. फोनचं होकायंत्र ‘ट्रू नॉर्थ’वर ठेव, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत या दोन्ही ठिकाणी दहा अंशांहून जास्त फरक पडतो. मग दक्षिणेकडे तोंड करून हात सरळ समोर ताणून मूठ धर. एक मूठ म्हणजे ढोबळ दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत चार मुठी वर जा. तिथे आकाश दिसलं तर काम होणार, पानं दिसली तर दुसरी साइट माग. पानं थोडीच आहेत, चालून जाईल, असं म्हणू नकोस. ओली पानं सिग्नल खातात.

केबलीकडे लोक शेवटी बघतात, आणि दहातले आठ घोटाळे तिथेच असतात. गाडीच्या कुशीतल्या कप्प्यात दोन जोडण्या दिसतील, ‘केबल’ आणि ‘सॅटेलाइट’. ‘केबल’वाली वाट अँटेनाच्या बूस्टरमधून आणि एका स्वस्त स्प्लिटरमधून सगळ्या खोल्यांत जाते. त्या स्प्लिटरवर ५ ते ९०० मेगाहर्ट्झ असं काहीतरी लिहिलेलं असतं. छत्रीकडून येणारा सिग्नल मात्र ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, आणि त्याच तारेतून रिसिव्हर छत्रीला वीज आणि हुकूम दोन्ही पाठवतो. बूस्टर आणि तो स्प्लिटर हे सगळंच अडवतात. तेव्हा छत्री ते रिसिव्हर ही वाट सलग हवी. मधे बूस्टर नको, साधा स्प्लिटर नको. ‘सॅटेलाइट’वाली तार बहुतेक गाड्यांत फक्त पुढच्या टीव्हीपर्यंत जाते, म्हणून बंक आणि बेडरूमसाठी आरजी-६ची नवी तार ओढावी लागेल. जुन्या गाडीत आरजी-५९ असेल तर ती काढच.

कुठली तार कुठे जाते ते शोधायची युक्ती सोपी आहे. दोन्ही टोकं सगळ्या यंत्रांपासून सोडव. एका टोकाला पेपरक्लिपने मधली तांब्याची तार आणि बाहेरची जाळी जोड, आणि प्रत्येक खोलीत मल्टिमीटर लावून बघ. जिथे वाजेल ती तुझी तार. लगेच चिकटपट्टीवर नाव लिहून दोन्ही टोकांना लाव.

कनेक्टर पिळून बसवायचे घेऊ नकोस, दाबून बसवायचे घे, आणि त्याचं हत्यारही. सोललेल्या टोकाकडे उजेडात नीट बघ: जाळीचा केसासारखा एक जरी धागा मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो आणि छत्री मेल्यासारखी पडते. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर थोडीशीच हवी. बेडरूम स्लाइडआउटमध्ये आहे ना? मग तिथे तारेला सैल वेढा ठेव आणि स्लाइड पूर्ण आत-बाहेर करून कुठे चिमटते का ते पाहा.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. रिसिव्हर रात्री आपोआप अपडेट घेतात आणि डोमची मोटर डोक्यावर घरघरते. अपडेटची वेळ दुपारची करून टाक, म्हाताऱ्या माणसांची झोप मोडायला नको. स्थानिक चॅनलं ठरावीक टापूपुरतीच पाठवतात, म्हणून घरापासून लांब गेलात की ती जातील; नवीन मुक्कामाचा पत्ता कंपनीला कळवावा लागतो. सासूबाईंच्या मराठी मालिका इंटरनेटवरूनच लावाव्यात, पण यलोस्टोनच्या बऱ्याच भागांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा भाग आधी उतरवून घे. कुणी स्टारलिंक सुचवेल. तेही चांगलं आहे, पण त्यालाही मोकळं आकाश लागतंच. आणि छपरावरची छत्री उभी असताना गाडी कधीही हलवायची नाही. किल्लीला लाल फीत बांधून ठेव, छत्री खाली घेतल्यावरच ती सोडायची.

निघायच्या आधी एक संध्याकाळ गाडी दारात लावून तिन्ही टीव्हींवर तीन वेगळी चॅनलं लाव आणि दोन तास तशीच चालू ठेव. काही अडलं तर कंपनीला त्याच दिवशी फोन कर, घरची रेंज असेपर्यंत.