कोकोचा मळा आणि इमारती वृक्ष
(भूगोल : वरच्या इयत्तांसाठी पूरक पाठ)

चॉकलेट आता खेड्यातील मुलांसही परिचित आहे. परंतु ते ज्याच्या बियांपासून होते ते कोकोचे झाड वर्गात क्वचितच कोणी पाहिलेले असेल. म्हणून पाठाचा आरंभ फणसापासून करावा. फणसाप्रमाणेच कोकोची फळे खोडावर व जाड फांद्यांवर लागतात. ॲमेझॉनच्या अरण्यात, मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारे हे मूळचे झाड. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात ते रुजविण्याचे श्रेय टेटे क्वार्शी या लोहारास दिले जाते. १८७९ च्या सुमारास त्याने फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या.

घानाचा शेतकरी रान साफ करताना सर्वच झाडे तोडीत नसे. काही उंच वृक्ष राखून त्यांखाली कोको लावी. कोवळ्या रोपांना सावली मिळावी म्हणून मध्ये केळी व अळूच्या कुळातील कोकोयाम लावण्याची रीत आहे. कोको मोठा होईतो घरच्या अन्नाचीही सोय त्यातूनच होते. राखलेल्या वृक्षांत ओफ्राम व एमिरे हे प्रमुख होत. आपले ऐन, हिरडा व बेहडा ज्या प्रजातीत मोडतात तिच्यातच हे दोन्ही येतात; हा संबंध मुलांच्या चांगला ध्यानी राहतो.

हे वृक्ष उंच वाढत असल्याने कोकोवर विरळ सावली पडते. गळलेला पाला कुजून खत होते, आणि त्या ओलसर पाल्यातच कोकोच्या फुलांचे परागण करणाऱ्या सूक्ष्म माशा वाढतात. पाला झाडून जमीन लख्ख केली तर फळधारणेस बाधा येते, ही गोष्ट स्वच्छतेची आवड असलेल्या मुलांना नवलाची वाटेल! मात्र सावली फार दाट झाली तर दमट हवेत फळे काळी पडून कुजतात. कोकोची झाडे ३ मीटरवर लावल्यास हेक्टरी सुमारे १,१११ बसतात. मोठे वृक्ष २४ मीटरवर ठेवल्यास केवळ १७. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे.

इतका लाभ असता शेतकरी इमारती झाडांची रोपे उपटून का टाकीत? हा या पाठाचा गाभा होय. १९६२ च्या कायद्याने आपोआप उगवलेल्या इमारती वृक्षांवरील अधिकार शासनाकडे गेला. झाड वाढवावे शेतकऱ्याने, तोडीचा परवाना मिळावा ठेकेदारास, आणि अजस्र खोड कोसळताना चिरडावा कोको, असा प्रकार घडू लागला. तेव्हा ओफ्रामचे रोप दिसताच ते मोडून टाकणे हेच शेतकऱ्यास शहाणपणाचे वाटले, यात त्याला दोष देता येत नाही. २००२ च्या दुरुस्तीने स्वतः लावलेल्या झाडांस संरक्षण मिळाले. आपोआप उगवलेल्यांचा प्रश्न मात्र तिने सुटला नाही. म्हणून झाड आपणच लावले याची नोंद राखणे तेथील शेतकऱ्यास अगत्याचे झाले.

शेवटी शिक्षकांनी फळ्यावर ओफ्रामची दोन सारखीच रोपे काढावीत : एक लावलेले, एक वाऱ्याने आणलेल्या बीचे. वीस वर्षांनी यांतील कोणते कोणाचे, आणि ते सिद्ध कसे करणार, हे विचारून मुलांना आपसांत बोलू द्यावे.