माळढोकाचे अंडे आणि गावाचे गायरान

अभयारण्य म्हटले की घनदाट झाडी डोळ्यांपुढे उभी राहते. सोलापूर–बार्शी मार्गावरील नान्नज येथे जाणाऱ्यास मात्र दूरवर पसरलेले गवताळ माळ दिसतात. सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अशा माळांवर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. कर्जत व श्रीगोंदे तालुक्यांतील गावेही त्यात होती.

माळढोक हा उडणाऱ्या अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक होय. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. नाकतोडे, भुंगेरे, बिया हे त्याचे खाद्य. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालते आणि तेही घरटे न बांधता उघड्या जमिनीवर. सुमारे चार आठवडे ती एकटीच ते उबविते. या काळात गुरांचा कळप, मोकाट कुत्रा किंवा कुतूहलाने जवळ गेलेला पर्यटक यांपैकी कोणीही त्या वर्षाची वीण वाया घालवू शकतो. म्हणून विणीच्या हंगामात दुरूनच पाहावे, हा अभयारण्याच्या भेटीचा पहिला नियम.

मूळ अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात शेते व गावठाणेही आल्याने निर्बंधांचा जाच शेतकऱ्यांना झाला आणि पुढे हे क्षेत्र पुष्कळच कमी करावे लागले. दरम्यान माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो. महाराष्ट्रात तो आता क्वचितच आढळतो. देशभरात दीडशेच्या आसपासच पक्षी उरल्याचा अंदाज आहे.

राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे २०१९ पासून अंडी यंत्रात उबवून पिले वाढविली जातात. २०२४ साली तेथे कृत्रिम रेतनाने पिलू जन्मले. हे यश मोठेच आहे. परंतु वाढविलेला पक्षी सोडावयाचा तर माळ शिल्लक हवा.

माळ राखणे गावाच्या हाती आहे. त्याची रीत नगर तालुक्यातील हिवरे बाजारने दाखविली. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली. चराईबंदी म्हणजे गुरांची उपासमार नव्हे. मोकळी गुरे सोडण्याऐवजी गवत कापून गोठ्यात आणावयाचे. त्यामुळे डोंगर हिरवे झाले आणि दुग्धव्यवसायही वाढला.

मात्र येथे एक विवेक आवश्यक आहे. डोंगरउतारावर समतल चर व वृक्षलागवड हितकारक ठरते. तीच सपाट गवताळ माळावर केल्यास माळढोकाचे घर मोडते. त्याला दूरवर नजर पोहोचेल अशी उघडी जागा लागते. तेव्हा वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठरविताना ग्रामपंचायतीने गायरानास ‘पडीक’ समजू नये. पावसाळ्यात चराई थांबवावी, विणीनंतर गवत कापावे आणि नवी वीजवाहिनी शक्य तेथे भूमिगत मागावी. शिक्षकांनी मुलांना शिवारातील माळ दाखवून त्यावरील जीवांची नोंद करावयास लावावी.

पिंजऱ्यात वाढलेल्या पिलाला उद्या माळ लागेल. तो राखावयाचा की नाही, हे आजच्या ग्रामसभेत ठरणार आहे.