मातीच्या वाटेवरची मोटारसायकल : हौस करा, पण डोके सांभाळून

बारावीची परीक्षा संपली की आमच्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचा रुग्ण दिसू लागतो. वय सतरा ते बावीस. एक हात दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला. चेहऱ्यावर वेदनेपेक्षा घरी काय सांगायचे याचीच काळजी अधिक. "काय झाले?" असे विचारले की उत्तर येते, "जिन्यावरून पडलो." पॅन्टच्या गुडघ्याला लागलेली माळावरची तांबडी माती मात्र वेगळेच सांगत असते.

गावाबाहेरचा माळ, बंद पडलेली खडीची खाण, नदीचे कोरडे पात्र अशा ठिकाणी मोटारसायकल चालवण्याची हौस आता तालुक्याच्या गावांतही पोचली आहे. पुणे आणि नाशिक भागात मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती जुन्याच आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची मोठी शर्यत झाली आणि ती मोबाईलवर घराघरांत पाहिली गेली. त्याच वर्षी केरळच्या हरिथ नोआने डाकार रॅलीत आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. मुलांना हे सारे करून पाहावेसे वाटते, यात गैर काही नाही. पण शर्यतीतला स्वार उडी मारण्यापूर्वी काय काय अंगावर चढवतो आणि किती वर्षे शिकतो, हे त्या चित्रफितीत दिसत नाही.

एका दुपारची गोष्ट

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस वर्षांचा एक मुलगा सकाळी मित्रांबरोबर माळावर गेला. शेताच्या बांधावरून गाडी उडवताना पुढचे चाक आधी टेकले आणि तो पडला. मिनिटभर सुन्न होता, मग उठला, हसला, गाडी चालवत घरी आला. जेवला आणि झोपला. चार वाजता आई चहासाठी उठवायला गेली, तर तो डोळे धड उघडेना. बोलणे असंबद्ध. तेवढ्यात उलटी झाली. आईने शेजाऱ्यांना हाक मारली आणि कोणाचेही न ऐकता त्याला थेट रुग्णालयात आणले. स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळलेले दिसले. रात्री आठच्या आत शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा वाचला.

अशा रक्तस्रावात रुग्ण आधी शुद्धीवर येतो, बोलतो, चालतो आणि काही तासांनी खोल बेशुद्धीत जातो. मधला काळ फसवा असतो. आईला चहाची आठवण संध्याकाळी सहाला झाली असती, तर कदाचित हा लेख वेगळा लिहावा लागला असता.

त्या मुलाकडे हेल्मेट होते का? होते. डोक्यावरही होते. पण हनुवटीचा पट्टा लावलेला नव्हता. तो जमिनीवर आदळण्यापूर्वीच हेल्मेट निघून गेले होते.

पुढे टाके काढायला आले तेव्हा वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, आता धाकटाही तेच म्हणतोय. गाडी विकून टाकू का?" त्यांना जे सांगितले, तेच आज वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहे.

हेल्मेटमागची कथा

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगप्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जात होते. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवण्यासाठी त्यांनी गाडी वळवली आणि ते फेकले गेले. डोक्याला जबर मार बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात निरोप नेणाऱ्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. पुढे जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले.

हेल्मेटचे काम बाहेरच्या चकचकीत कवचापेक्षा आतल्या थर्माकोलसारख्या थरावर अधिक अवलंबून असते. आदळताना हा थर चेपला जातो आणि धक्क्याचा जोर स्वतःत जिरवतो. मात्र एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणूनच जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले, तरी ते बाद समजावे. मित्राचे जुने हेल्मेट घेऊ नये, कारण ते किती वेळा आदळले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

मातीवर चालवण्याच्या हेल्मेटची हनुवटी पुढे आलेली असते, म्हणजे धापा टाकताना हवा मिळते. वर ऊन आणि चिखल अडवणारी टोपीसारखी झालर असते. समोर काच नसते, म्हणून स्वतंत्र गॉगल लावावा लागतो. खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. आय.एस.आय. चिन्ह आणि ४१५१ हा मानक क्रमांक असावा. १ जून २०२१ पासून प्रमाणित नसलेली दुचाकीची हेल्मेटे विकण्यास आपल्याकडे मनाई आहे.

२. घातल्यावर गाल किंचित दाबले जावेत. मान हलवली तर हेल्मेटही डोक्याबरोबरच हलावे, मागे राहू नये.

३. पट्टा लावून मागून वर ढकलून पाहावे. ते डोक्यावरून निघता कामा नये. पट्टा आणि गळा यांमध्ये जेमतेम दोन बोटे जावीत.

मानेपासून पावलांपर्यंत

पडताना माणूस नकळत हात पुढे टेकतो. त्यामुळे मनगट मोडते, किंवा धक्का वर जाऊन खांद्याजवळचे कॉलर-बोन मोडते. या खेळात हे हाड मोडणे अगदी नेहमीचे आहे. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर विशेष जपावे. तिथले एक लहान हाड मोडले असले, तरी पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. दुखणे राहिले तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. दुर्लक्ष केल्यास ते हाड सांधत नाही आणि मनगट कायमचे दुखरे राहते.

साहित्य घेण्याचा क्रम असा ठेवावा : आधी हेल्मेट, मग बूट, मग गुडघ्याचे रक्षक, मग गॉगल आणि हातमोजे, त्यानंतर छाती-पाठीचे कवच आणि कोपरांचे रक्षक.

बूट दुसऱ्या क्रमांकावर का, असे कोणी विचारील. मातीवर तोल गेला की पाय खाली टेकतो आणि दीडशे किलोची गाडी त्याच पायावर येते. घोटा पिळवटतो, पाऊल गाडीखाली सापडते. या कामासाठीचे बूट गुडघ्याच्या थोडे खालपर्यंत येतात, घोट्याशी ताठ असतात आणि नडगीला कठीण आवरण देतात. कॅनव्हासचे बूट किंवा पावसाळी गमबूट हे काम करू शकत नाहीत. चप्पल घालून तर गाडीला किकही मारू नये.

काही मुले क्रिकेटचे पॅड बांधतात. कल्पकतेचे कौतुक आहे, पण पॅड समोरून येणाऱ्या चेंडूसाठी असतो. पडल्यावर तो सरकतो आणि गुडघ्याची बाजू उघडी पडते. साधी जीनसुद्धा खडीवर घसरताना क्षणात फाटते.

आणखी एक गोष्ट. डाकारसारख्या शर्यतीत उत्तमोत्तम साहित्य अंगावर असते. तरीही ती रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियात पडले आणि डोक्याच्या मारामुळे त्यांना काही काळ औषधाने बेशुद्ध ठेवावे लागले. पुढे ते बरे झाले. साहित्य म्हणजे कर्णाची कवचकुंडले नव्हेत. ते धोका कमी करते, नाहीसा करीत नाही.

पहिले पंधरा दिवस

शिकण्याची जागा सपाट, मोकळी आणि आधी पायी फिरून पाहिलेली असावी. तारेचे कुंपण, उघडी विहीर, चर, लोखंडी सळ्या कुठे आहेत हे माहीत हवे. एकट्याने कधीही जाऊ नये, आणि कुठे जात आहोत हे घरी सांगून जावे.

गाडी हलकी आणि कमी ताकदीची असावी. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. पहिले काही दिवस केवळ क्लच, ब्रेक आणि संथ वेगात इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या फेऱ्या एवढेच करावे. मातीवर पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक घसरते, म्हणून एक-दोन बोटांनी हळूहळू दाबण्याची सवय लावावी.

त्यानंतर उभे राहून चालवायला शिकावे. पायांचा भार फूटरेस्टवर, गुडघे किंचित वाकलेले, कोपरे बाहेर, नजर चाकापुढे नव्हे तर पंधरा-वीस पावले लांब. असे उभे राहिले की खड्ड्याचा धक्का गुडघे झेलतात, पाठीच्या मणक्यांवर येत नाही. हॅण्डल घट्ट आवळू नये. आवळल्यास कोपराखालचे स्नायू दगडासारखे होतात, बोटे बधिर होतात आणि ऐन वेळी ब्रेक दाबला जात नाही. तसे झाले की थांबून हात सैल सोडावेत.

उड्यांचे नाव पहिले काही महिने काढू नये. शिकवणारा जाणकार मिळाला तर फारच उत्तम.

ऊन, धूळ आणि चिखल

हेल्मेट आणि कवच घालून चाळीस अंशांच्या उन्हात गाडी चालवणे म्हणजे घोंगडी पांघरून नांगर धरण्यासारखे आहे. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर सराव करावा. अर्ध्या-पाऊण तासाने सावलीत थांबून मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्यावे. लघवी गडद पिवळी होणे, डोके दुखणे, मळमळणे ही थांबण्याची सूचना समजावी.

पावसाळ्यात साचलेल्या चिखलपाण्यातून जाताना पायावर जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. घरी आल्यावर साबणाने स्वच्छ धुवावे, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना चिखलाचा उल्लेख आवर्जून करावा. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, हे प्रत्येकाला माहीत असावे.

पडल्यावर काय करावे

सोबत्यांनी घाईने उचलून बसवू नये. मानेचा मणका दुखावला असेल, तर त्या उचलण्यानेच हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. शुद्ध नसेल किंवा मान दुखत असेल, तर डोके-मान आहे त्या सरळ रेषेत दोन्ही हातांनी स्थिर धरावी आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढण्याचा प्रयत्न करू नये. काढावेच लागले तर दोघांनी मिळून, एकाने मान धरून आणि दुसऱ्याने हळूहळू काढावे. पाणी, चहा पाजू नये. नाकाशी कांदा धरू नये. जखमेत हळद-माती भरू नये. मोडलेला अवयव चोळून घेऊ नये.

डोक्याला मार बसला असेल, तर पुढचे चोवीस तास माणसाला एकटे ठेवू नये. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, एक बाहुली मोठी दिसणे, कान-नाकातून पाणी किंवा रक्त येणे यांपैकी काहीही दिसले, तर क्षणभरही वाट पाहू नये.

हॅण्डलचे टोक पोटात रुतले असेल, तर बाहेर केवळ लहानसा वळ दिसतो. आत मात्र पाणथरी किंवा यकृत फाटलेले असू शकते. पोट दुखणे, चक्कर, घाम, आणि काही न लागताही डावा खांदा दुखणे ही आतल्या रक्तस्रावाची लक्षणे आहेत.

मेंदूला धक्का बसल्यावर लक्षणे पूर्ण जाईपर्यंत आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडीवर बसू नये. सावरत असलेल्या मेंदूला दुसरा धक्का फार महागात पडतो.

पालकांसाठी दोन शब्द

गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणी नसलेली शर्यतीची गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. ती टेम्पोतूनच न्यावी लागते.

पण कायद्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रागावण्याच्या भीतीने मुलगा "जिन्यावरून पडलो" असे सांगतो, तेव्हा डॉक्टरला खरी माहिती मिळत नाही आणि आईला रात्री काय पाहायचे ते कळत नाही. मुलाने पडल्याचे खरे सांगावे, एवढा विश्वास घरात हवा.

त्या वडिलांना मी म्हटले, "गाडी विकू नका. विकली तर तो मित्राची घेईल, तीही हेल्मेटाशिवाय. त्याऐवजी एक अट घाला. पट्टा लावल्याचा आवाज तुमच्या कानावर पडल्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

परवा ते रक्तदाब तपासायला आले होते. धाकटा कसा आहे, असे विचारले. म्हणाले, "रोज सकाळी आधी आईपुढे उभा राहतो, हनुवटी वर करून. ती दोन बोटे घालून बघते, मगच किल्ली देते."