पळीवाढा असतानाच

तुझ्या साबणाचा फोटो पाहिला. तीन रंग घातलेस आणि वडी निघाली शेवाळी, एकरंगी. अगं, रंग चुकले नाहीत, वेळ चुकली.

लाटा उमटतात त्या साबण पळीवाढा असतानाच. पळीतून सोडलेली धार वर क्षणभर दिसावी आणि मग बुडावी, इतकाच. ताकासारखा पातळ असला तर रंग एकमेकांत विरघळतात, पिठल्यासारखा झाला तर नुसती ढेकळं पडतात. हँड ब्लेंडर दोन-दोन सेकंदच चालव. मधल्या वेळात तो बंद ठेवून त्यानेच ढवळ.

तू खोबरेल फार घेतेस. लाटांच्या साबणात ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर नेऊ नकोस, बाकी ऑलिव्ह किंवा सूर्यफूल घे, म्हणजे हाताला सवड मिळते. एरंडेल चमचाभरच, त्याने घट्टपणा लवकर येतो. आणि तेल बदललंस की कॉस्टिक सोड्याचा हिशेब नव्याने मांड. 1 किलो खोबरेलाला 183 ग्रॅमच्या आसपास लागतं, तेवढ्याच ऑलिव्हला 135. अंदाजपंचे इथे चालत नाही. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. पातेलं स्टीलचं, ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. चष्मा आणि रबरी हातमोजे चढवल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हे तुला दहादा सांगून झालंय.

आता रंग. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे धुणं धुतलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तेच इथे घडतं: हळद घातली की घोळ विटकरी दिसतो. घाबरून आणखी काही घालू नकोस, वडी वाळताना रंग पिवळ्याकडे वळतो. उन्हात मात्र तो उडतो. गेरू भरवशाचा. कोळशाची पूड अगदी चिमूटभर, नाहीतर फेस राखाडी येतो. काष्ठौषधींच्या दुकानात रतनजोत मिळते, ती दोन आठवडे तेलात मुरव. तेल लाल होतं आणि साबणात गेलं की जांभळं. मला अजूनही दर वेळी गंमत वाटते. बीट आणि जास्वंदीच्या नादी लागू नकोस, दोन्ही मातकट होतात. खाण्याचे रंग तर कॉस्टिकपुढे टिकत नाहीत, आणि टिकलेच तरी रेघेबाहेर पसरतात.

पूड थेट टाकू नकोस. चमचाभर तेलात आधी खलून घे, गुठळी राहिली की वडीवर ठिपका आलाच.

वासाचं आधी ठरव. एकदा मी हौसेने लवंगेचं तेल घातलं आणि रंग वाटीत तसेच राहिले. पातेल्यातच साबण असा थिजला की शेवटी डावाने खरवडून साच्यात दाबला. दालचिनीही तशीच. लॅव्हेंडर शांत असतं.

ओतताना एक रंग वरून, हात उंच धरून सोड, म्हणजे धार तळाशी जाते. पुढचा रंग साच्याजवळून. मग विणायची सुई तळापर्यंत घालून एकदाच नागमोडी ने. फार तर परत एकदा. तिसऱ्यांदा हात शिवशिवेल, तेव्हा सुई बेसिनमध्ये टाक.

दुसऱ्या दिवशी कापताना सुरी नागमोडीला आडवी लाव. त्याच दिशेने कापलंस तर नुसते पट्टे दिसतील. चार आठवडे वाळू दे, तोवर सासूबाईंनी मागितला तरी द्यायचा नाही. कडेची पहिली वडी सगळे टाकून देतात, ती मला पाठव. हात कुठे थबकला ते तिच्यावर दिसतं.