भिंतीबाहेरचे विद्यापीठ

विद्यार्थी मित्रांनो, 'विद्यापीठ' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? मोठी इमारत, उंच दरवाजा, पुस्तकांनी भरलेले ग्रंथालय आणि हातात वह्या घेतलेली मोठी मुले. उर्दूत आपण त्याला 'जामिया' म्हणतो. त्या दरवाज्यातून आत जायचे असेल तर परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, फी भरावी लागते आणि पाच-सहा वर्षे शिकायला वेळ असावा लागतो. मग ज्याला हे जमले नाही त्याने काय करावे? गॅरेजमध्ये काम करणारा तरुण, भाजी विकणारी बाई, शेतात राबणारा म्हातारा शेतकरी यांचा विद्यापीठाशी काही संबंध आहे की नाही?

हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे. त्याचे एक सुंदर उत्तरही मिळाले आहे. ते उत्तर म्हणजे व्याख्यानमाला. विद्वान माणसाने भिंतीबाहेर यावे, लोकांमध्ये बसावे, सोप्या भाषेत बोलावे आणि लोकांचे सवाल ऐकावेत.

ही कल्पना कशी वाढली ते पाहू. इंग्लंडच्या उत्तर भागात रॉचडेल नावाचे गाव आहे. तेथे कापडाच्या गिरण्या होत्या. १८४४ साली तेथील विणकरांनी आणि इतर कामगारांनी थोडे थोडे पैसे जमवून स्वतःचे सहकारी दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर असा रोजचा माल तेथे योग्य वजनात मिळू लागला. पुढे याच कामगारांपुढे केंब्रिज विद्यापीठाचे जेम्स स्टुअर्ट हे तरुण अध्यापक व्याख्यान देऊ लागले. एकदा त्यांनी व्याख्यानासाठी आणलेल्या आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत भिंतीवर तशाच राहू दिल्या. कामगार रोज त्या आकृत्यांपुढे उभे राहत आणि आपसांत चर्चा करीत. पुढच्या व्याख्यानाच्या वेळी त्यांनी स्टुअर्ट यांच्यापुढे अनेक प्रश्न ठेवले. शिकवणाऱ्याच्या लक्षात आले, की केवळ भाषण पुरेसे नाही. भाषणानंतरची चर्चा हाच खरा वर्ग आहे. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने अशी व्याख्याने गावोगावी भरवण्याचे काम अधिकृतपणे हाती घेतले.

त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही अशीच हालचाल सुरू होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात 'वसंत व्याख्यानमाला' सुरू झाली. उन्हाळ्याच्या दिवसांत रोज एक वक्ता आणि रोज एक विषय! कधी इतिहास, कधी व्यापार, कधी आरोग्य, कधी कायदा. आज दीडशे वर्षे झाली, तरी ही परंपरा लोकांच्या आवडीची आहे.

आता आपल्या जिल्ह्यातील विद्यापीठाकडे वळू. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. २०१४ सालापासून त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. या विद्यापीठात 'बहिःशाल शिक्षण मंडळ' नावाचा एक विभाग आहे. नाव अवघड वाटते ना? त्याची फोड करून पाहा. 'बहिः' म्हणजे बाहेर आणि 'शाला' म्हणजे शाळा. शाळेच्या बाहेर दिले जाणारे शिक्षण ते बहिःशाल शिक्षण. विद्यापीठाशी जोडलेल्या अनेक महाविद्यालयांत या मंडळामार्फत व्याख्यानमाला होतात. जयकरांच्या नावानेही व्याख्यानमाला भरते. निरनिराळ्या क्षेत्रांतील वक्ते बोलावले जातात. ऐकायला विद्यार्थी असतात आणि गावकरीही येऊ शकतात.

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. बारामती कऱ्हा नदीच्या काठी आहे. इंदापूर तालुक्याच्या कडेने भीमा नदी वाहते. ऐकण्याची आणि ऐकवण्याची या भागाला जुनी सवय आहे. अठराव्या शतकातील मोठे कवी मोरोपंत बारामतीतच राहत. तेथे ते पुराण सांगत. संत तुकाराम महाराजांची पालखी दर वर्षी बारामती, निमगाव केतकी आणि इंदापूर या मार्गाने पंढरपूरला जाते. तेव्हा मुक्कामाच्या गावी रात्री कीर्तन होते. मशिदीतील वाज आणि उरुसातील कव्वालीही लोक तितक्याच मन लावून ऐकतात. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. अशा महाविद्यालयांमुळे विद्यापीठ तालुक्यापर्यंत आले. व्याख्यानमालेमुळे ते महाविद्यालयाच्या वर्गाबाहेरही येऊ शकते.

पण मुलांनो, निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे एकत्र बोलावण्याचा फायदा काय? एकाच विषयावर तीन दिवस बोलले तर काय बिघडले? हे समजण्यासाठी आपण एक ओळखीची वस्तू घेऊ. ती वस्तू म्हणजे ऊस. नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळाल्यामुळे या दोन तालुक्यांच्या बऱ्याच भागात उसाचे मळे झाले. समजा, तीन दिवस तीन वक्ते आले आणि तिघेही उसावरच बोलले.

पहिल्या दिवशी माती तपासणारे शास्त्रज्ञ आले. त्यांनी विचारले, "कालव्याजवळच्या काही जमिनींवर पांढरा थर का दिसतो?" मग त्यांनीच कारण सांगितले. पिकाला गरजेपेक्षा जास्त पाणी दिले की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते. त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. हळूहळू जमीन नापीक होते. नीरा खोऱ्यातील अशा खारवट जमिनींचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारासच केला होता. उपाय कठीण नाही. पाणी बेताने द्यावे, ठिबक सिंचन वापरावे आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी चर खणावेत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. ते म्हणाले, "शेतातील ऊस कारखान्यात जातो, त्याची साखर होते आणि ती आपल्या चहात येते. पण किती यावी?" त्यांनी मधुमेह म्हणजे काय ते समजावून दिले. पायाची जखम लवकर भरत नसेल तर दुर्लक्ष करू नये, रक्त तपासून घ्यावे, असे सांगितले.

तिसऱ्या दिवशी सहकाराचे जाणकार आले. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वरनगर येथे, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाना आहे. सहकारी संस्थेत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त, असे नसते. एका सभासदाला एकच मत असते. हाच नियम रॉचडेलच्या कामगारांनी आपल्या दुकानात पाळला होता.

पाहा, ऊस एकच. पण शास्त्रज्ञाने त्यात माती पाहिली, डॉक्टरांनी शरीर पाहिले आणि तिसऱ्या वक्त्याने समाज पाहिला. एकाच माणसाचे ऐकले असते तर आपल्याला ऊस तिसरा हिस्साच कळला असता. विविध क्षेत्रांच्या वक्त्यांना बोलावण्याचे खरे कारण हेच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. व्याख्यानाला आलेला श्रोता रिकामा नसतो. त्याच्याजवळ अनुभव असतो. उजनी धरणाचे पाणी साठले तेव्हा इंदापूर तालुक्यातील कितीतरी शेतजमिनी पाण्याखाली गेल्या. पळसदेव येथील जुने पळसनाथ मंदिरही बुडाले. धरणातील पाणी फार कमी झाले की ते पुन्हा दिसते. भिगवणजवळ दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. पक्ष्यांचा अभ्यासक त्यांची नावे सांगेल. पण ते पाण्याच्या कोणत्या भागात उतरतात, हे तेथील मच्छीमार सांगेल. धरण कसे बांधतात हे अभियंता सांगेल. पण घर सोडताना काय वाटते, हे विस्थापित शेतकरीच सांगू शकेल. म्हणून व्याख्यानानंतर प्रश्नांसाठी वेळ ठेवला पाहिजे. सत्कार, हार आणि आभार यांतच तास निघून गेला, तर श्रोता आपला अनुभव घेऊन तसाच घरी जातो.

आता थोडे वेगळे पाहू. सभागृहात कोण बसले आहे ते आपण पाहतो. कोण आले नाही, हे मात्र आपण पाहत नाही. उसाच्या हंगामात दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात, शेताजवळ कोप्या बांधून राहतात आणि पहाटेपासून कामाला लागतात. उसावरचे व्याख्यान त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. व्याख्यान रात्री उशिरा संपले आणि शेवटची एस.टी. निघून गेली, तर खेड्यातील मुलगी येऊ शकत नाही. जे लोक आले नाहीत त्यांना आवड नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण ते नेहमी खरे नसते. वेळ बदलावी, जागा बदलावी, व्याख्यान वस्तीजवळ न्यावे. 'बहिःशाल' या शब्दाचा अर्थ तेव्हाच पूर्ण होईल.

न येणाऱ्यांमध्ये कधी कधी आपणही असतो. "तेथे सर्व मराठीत चालते, आपल्याला कुठे बोलता येणार?" असे म्हणून उर्दू माध्यमाची मुले मागे राहतात. ही भीती मी समजू शकतो. उर्दूत किताब 'अच्छी' असते, मराठीत पुस्तक 'चांगले' असते. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन! उर्दूतील 'तकरार' म्हणजे भांडण, तर मराठीतील 'तक्रार' म्हणजे शिकायत. गोंधळ होणारच. पण हेही पाहा, की 'जाहीर', 'हजर', 'सवाल', 'जवाब' हे शब्द तुम्हाला घरचेच आहेत. मराठीने ते केव्हाच आपले केले आहेत. म्हणजे सभागृहात शिरण्यापूर्वीच तुमचे काही ओळखीचे लोक तेथे बसलेले आहेत!

म्हणून व्याख्यानाला जाताना तीन गोष्टी करा. एक, लहान वही जवळ ठेवा आणि न कळलेला शब्द लिहून घ्या. दोन, वक्त्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहा. तीन, एक प्रश्न मराठीत लिहून काढा आणि उभे राहून विचारा. लिंग चुकले तर कोणी तरी सुधारून सांगेल, त्यात कमीपणा नाही. प्रश्न मनातच राहिला तर मात्र तो कोणालाच सुधारता येणार नाही. शिवाय तुमच्या वस्तीतील पाण्याचा, रस्त्याचा किंवा दवाखान्याचा प्रश्न तुमच्याशिवाय कोण मांडणार? विद्यापीठ भिंतीबाहेर आले आहे. दोन पावले आपणही पुढे टाकली पाहिजेत.

शब्दार्थ

व्याख्यान – तकरीर. वक्ता – मुकर्रिर, बोलणारा. श्रोता – सुननेवाला, ऐकणारा. विद्यापीठ – जामिया. कुलगुरू – विद्यापीठाचा प्रमुख. क्षार – मीठ व तसे इतर पदार्थ. नापीक – बंजर. विस्थापित – घर-गाव सोडावे लागलेला. कोपी – मजुरांची लहान झोपडी.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'बहिःशाल' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) वसंत व्याख्यानमाला कोणाच्या पुढाकाराने व केव्हा सुरू झाली?
(इ) सहकारी संस्थेत एका सभासदाला किती मते असतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) जास्त पाणी दिलेल्या जमिनीवर पांढरा थर दिसतो.
(आ) व्याख्यानानंतर प्रश्नांसाठी वेळ ठेवला पाहिजे.

प्र. ३. लिंग ओळखून योग्य रूप लिहा.
(चांगला / चांगली / चांगले) – प्रश्न, पुस्तक, सभा, गाव, वही.

प्र. ४. तुमच्या गावात तीन दिवसांची व्याख्यानमाला भरवायची आहे. कोणत्या तीन क्षेत्रांतील वक्ते बोलवाल? जे नेहमी येत नाहीत, त्यांना यावेसे वाटावे म्हणून काय कराल? दहा ओळी लिहा.