कामावरचा माणूस आणि खिशातला फोन

फुलंब्री हे जळगाव रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. येथील कापड दुकान असो, कृषी सेवा केंद्र असो की गॅरेज, कामावरच्या मुलाच्या खिशात स्मार्टफोन असतो आणि मालकाची तक्रार एकच असते: पोराचे लक्ष फोनात. तक्रार खोटी नाही. पण ती अर्धीच आहे, असे आम्हाला वाटते.

फोन जवळ नसला की होणाऱ्या घालमेलीला २००८ मध्ये ब्रिटनमध्ये 'नोमोफोबिया' हे नाव मिळाले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये असल्या व्यसनासाठी स्वतंत्र उपचार केंद्र उघडले. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये सुमारे ८०० जणांवर प्रयोग केला. फोन टेबलावर पालथा ठेवणाऱ्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवणारे बुद्धीच्या चाचणीत सरस ठरले. नंतरच्या सर्वच प्रयोगांत हा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी फोन न वाजताही मन तिकडे ओढले जाते, हे गल्ल्यावर बसून हिशेब जुळवणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

आता उरलेली अर्धी बाजू. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांना सूचना दिल्या की, कार्यालयीन कामासाठी शक्यतो लँडलाइन वापरावी, मोबाईल गरजेपुरताच, बैठकीत तो सायलेंट. त्याच सूचनांत वरिष्ठांचे व लोकप्रतिनिधींचे फोन विनाविलंब घ्यावेत असेही होते. म्हणजे फोन बाजूला आणि कान मात्र फोनकडे! आपल्या दुकानांत तरी वेगळे काय चालते? मालक रात्री दहाला ग्रुपवर "उद्या लवकर ये" असे टाकतो, निळी खूण दिसते का ते पाहतो आणि सकाळी जाब विचारतो. अशा नोकराने फोन दूर ठेवावा तरी कसा?

खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खाजगी विधेयक मांडले होते. कामाची वेळ संपल्यावर फोन न घेण्याचा हक्क त्यात होता. त्याचा कायदा झाला नाही. दुकानदाराला मात्र कायद्याची गरज नाही. ऑर्डरी दुकानाच्या एकाच फोनवर घ्याव्यात. तोच नंबर नोकराच्या घरीही द्यावा. आई आजारी पडली तर निरोप पोहोचेल ही खात्री असेल तरच तो आपला फोन खणात ठेवील. जेवणाची सुट्टी फोनसकट त्याची. उद्याचे काम शटर ओढण्यापूर्वीच सांगावे. सुरुवातीचे काही दिवस त्याचा हात खिशाकडे जाईल, त्यावरून पगार कापू नये.